घरच्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी वेढणारा पडदा: प्रोजेक्टर की टीव्ही?

मुठाकाठ

नमस्कार. माझी मुलगी बारामतीला वैमानिक प्रशिक्षण घेत आहे आणि तिची सध्याची उड्डाणे सेस्ना १७२ या विमानावर चालू आहेत. सुटीत घरी आल्यावर तिला सर्किटचा, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या आयताकृती फेरीचा, सराव करता यावा म्हणून पुण्यातील आमच्या घराची एक खोली रिकामी करून तेथे सिम्युलेटर उभारायचे आम्ही ठरवले आहे. या सरावाचे तास परवान्यासाठी धरले जात नाहीत, त्याला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता असलेलेच उपकरण लागते, हे आम्ही जाणून आहोत. क्रम अंगवळणी पडावा आणि नजर योग्य वेळी योग्य ठिकाणी जावी, एवढाच हेतू आहे.

आसन, योक (विमान वळवण्याचे हाताचे चाक), रडर पेडल (शेपटीचे सुकाणू फिरवणारी पायपट्टी) आणि थ्रॉटल (इंजिनची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा) हे सर्व बसवून झाले आहे. एक्स-प्लेन १२ हे सिम्युलेटरचे सॉफ्टवेअर व्यवस्थित चालते, पण समोर ३२ इंची एकच मॉनिटर आहे आणि खरी अडचण तेथेच आहे. डाउनविंडवर, म्हणजे सर्किटच्या धावपट्टीला समांतर बाजूवर, असताना धावपट्टी डावीकडे बरोबर काटकोनात असते, आणि बेस लेगसाठी, म्हणजे उतरण्याआधीच्या आडव्या बाजूसाठी, वळण्याची वेळ धावपट्टीचे टोक पंखाच्या मागे ४५ अंशांवर गेले की येते. प्रत्यक्ष विमानात ती मान वळवून पाहते. येथे मात्र योकवरचे बटण दाबून सगळे दृश्यच फिरवावे लागते. दृश्य फिरले की क्षितिज नजरेआड होते, आणि ते परत समोर येईपर्यंत विमान शंभर-दीडशे फूट वर किंवा खाली गेलेले असते. अशा सरावाने चुकीचीच सवय लागेल अशी तिला भीती वाटते आणि मला ती रास्त वाटते.

खोली ११ फूट रुंद आणि १४ फूट लांब असून छत साडेनऊ फुटांवर आहे. दरवाजा मागच्या भिंतीत, उजव्या कोपऱ्यात आहे. खिडकी एकच असून तिला जाड पडदा लावता येईल. संगणक सोडून खर्च चार लाखांच्या आत बसवायचा आहे. व्हीआर हेडसेट वापरून पाहिला, पण तो घातल्यावर खरी बटणे, चेकलिस्टचा कागद आणि मांडीवरचा नकाशा यांपैकी काहीच दिसत नाही, म्हणून तो पर्याय आम्ही बाजूला ठेवला आहे.

अशा खोलीत वक्र पडदा आणि तीन प्रोजेक्टर बसतील का, की तीन मोठे टीव्ही लावणे शहाणपणाचे ठरेल? पडद्याची त्रिज्या किती धरावी आणि तो कशाचा करावा? शेजारच्या आसनावर मी बसलो तर मलाही दृश्य बरोबर दिसेल का? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

वर्तुळ

आपण गरज नेमकी सांगितली आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. बहुतेक जण प्रोजेक्टरच्या मॉडेलपासून सुरुवात करतात आणि खोली, पडदा, आसन हे सगळे त्याच्या मागून ओढत नेतात. माझे आग्रहाचे सांगणे असे की सर्वप्रथम खोलीत वैमानिकाच्या डोळ्यांची जागा निश्चित करावी, जमिनीवर तेथे खूण करावी आणि पुढचे प्रत्येक माप त्याच बिंदूपासून घ्यावे.

आपल्या खोलीची रुंदी ३.३५ मीटर आहे. पडद्याची त्रिज्या दीड मीटर धरली, तर व्यास तीन मीटर होतो आणि दोन्ही बाजूंना सांगाड्यासाठी प्रत्येकी सतरा सेंटिमीटर उरतात. याहून मोठी त्रिज्या बसणार नाही आणि याहून लहान करण्याचे कारण नाही.

आता किती अंशांचा पडदा हवा ते पाहू. सर्वांच्या तोंडी १८० अंश हा आकडा असतो, आणि ते बरोबर अर्धे डावीकडे व अर्धे उजवीकडे असे वाटून घेतले जातात. आपल्या कामासाठी ही वाटणी चुकीची आहे. धावपट्टी पंखाच्या मागे ४५ अंशांवर पाहायची, याचा अर्थ नाकाच्या रेषेपासून डावीकडे १३५ अंश दिसले पाहिजेत. डावीकडे ९० अंशांवर पडदा संपला, तर नेमक्या ज्या क्षणासाठी एवढा खटाटोप करायचा त्याच क्षणी धावपट्टी पडद्याबाहेर गेलेली असेल. म्हणून डावीकडे १३५ आणि उजवीकडे सुमारे ५० अंश असा एकांगी पडदा करावा. एकूण लांबी जवळपास तेवढीच राहते, फक्त तो सगळा डावीकडे सरकतो. उजव्या हाताच्या सर्किटचा सराव यावर होणार नाही हे खरे, पण प्रशिक्षणातील बहुतेक सर्किट डाव्या हाताचीच असतात. शिवाय आपला दरवाजा मागे उजवीकडे असल्याने ये-जा करण्यासाठी मोकळी जागाही त्याच बाजूला मिळते.

येथे बाजारातील मापे आपल्या बाजूने आहेत. सनमाइकाचा पत्रा आठ बाय चार फुटांचा, म्हणजे २.४४ बाय १.२२ मीटरचा येतो. तो आडवा लावला, तर दीड मीटर त्रिज्येवर एका पत्र्यात ९३ अंश बसतात आणि दोन पत्र्यांत १८६. उजवीकडच्या ५१ अंशांपासून लावायला सुरुवात केली, तर पहिला पत्रा डावीकडे ४२ अंशांवर संपतो आणि दुसरा तेथून १३५ अंशांपर्यंत जातो. कापाकापी अजिबात नाही आणि सांधा एकच, तोही ऐन समोर न येता काचेच्या डाव्या खांबाच्या बाजूला येतो. आपल्या आसनावर बसून हा खांब किती अंशांवर दिसतो ते मोजावे. दोन-चार अंशांचा फरक असेल तर पत्रे तेवढे सरकवून सांधा खांबाआड लपवता येईल. १.२२ मीटर उंचीमुळे उभा दृश्यकोन ४४ अंशांचा मिळतो. सेस्नाचा पंख वर असल्याने वरचे दृश्य तसेही झाकले जाते, तेव्हा पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीपेक्षा ५४ सेंटिमीटर वर आणि खालची ६८ सेंटिमीटर खाली ठेवावी. बाजूने खाली पाहताना हे जास्तीचे अंश फार उपयोगी पडतात.

प्रोजेक्टरच्या बाबतीत एक गोष्ट बारकाईने समजून घ्यावी लागते. १८६ अंश तिघांत वाटून, प्रत्येक सांध्यावर दहा अंशांची सरमिसळ (शेजारच्या दोन चित्रांचा एकमेकांवर येणारा भाग) धरली, तर एका प्रोजेक्टरच्या वाट्याला सुमारे ६९ अंश येतात आणि त्या हिशेबाने थ्रो रेशो (पडद्यापर्यंतचे अंतर भागिले चित्राची रुंदी) ०.७३ पुरेसा वाटतो. पण वक्र पडद्यावर चित्राच्या कडा प्रोजेक्टरकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे कडांशी चित्राची उंची मधल्या उंचीच्या ८३ टक्केच राहते. कडेलाही पूर्ण १.२२ मीटर भरायचे असतील, तर मध्यभागी जवळजवळ दीड मीटर उंच चित्र टाकावे लागते. १६:९ च्या प्रमाणात त्याची रुंदी २.६३ मीटर होते आणि थ्रो रेशो ०.५७ वर येतो. म्हणजे येथे निर्णय रुंदीने होत नाही, उंचीने होतो. ०.५ च्या आसपासचा शॉर्ट थ्रो प्रोजेक्टर पडद्यापासून सव्वा मीटरवर, डोळ्यांच्या बिंदूच्या थोडा पुढे आणि वर टांगला, की हे जमते. वर-खालचे जास्तीचे चित्र सॉफ्टवेअरने काळे करायचे.

असे केल्याने प्रत्येक प्रोजेक्टर सुमारे ८२ अंश व्यापतो आणि सरमिसळीला भरपूर जागा उरते. तिचा फायदा घेऊन पहिला प्रोजेक्टर नाकाच्या रेषेपेक्षा दहा-बारा अंश उजवीकडे रोखावा, म्हणजे समोरची धावपट्टी त्याच्या एकट्याच्या चित्रात राहते आणि पहिली सरमिसळ डावीकडे वीस अंशांच्या पलीकडे जाते. ऐन समोर दोन चित्रे एकमेकांत मिसळलेली कधीच असू नयेत, कारण उतरताना सगळी नजर तेथेच खिळलेली असते.

ओझरकर

वरील हिशेब बिनचूक आहे, परंतु प्रोजेक्टर घेण्यापूर्वी टीव्हीचाही तितक्याच गांभीर्याने विचार व्हावा असे मला वाटते. माझ्या सिम्युलेटरसमोर ५५ इंची तीन टीव्ही आहेत, त्यामुळे पुढील मापे मी वापरातून सांगतो आहे.

५५ इंची टीव्ही १२२ सेंटिमीटर रुंद आणि साडेअडुसष्ट सेंटिमीटर उंच असतो. तीन टीव्ही एकमेकांशी ६० अंशांचा कोन करून ठेवले आणि डोळे प्रत्येक टीव्हीच्या मध्यापासून १०७ सेंटिमीटरवर आले, तर प्रत्येकाचा दृश्यकोन जवळजवळ ६० अंश होतो आणि एकूण १८० अंश मिळतात. त्या अंतरावर उभा कोन मात्र ३५ अंशच असतो, ही या रचनेची उणीव. टीव्ही उभे करून पाच लावले, तर प्रत्येकी ३६ अंशांप्रमाणे तेच १८० अंश भरतात आणि उभा कोन ६० अंशांपर्यंत जातो. दृश्य म्हणून ती रचना फार प्रभावी आहे, पण बहुतेक ग्राफिक्स कार्डांना चारच पडदे जोडता येतात, टीव्ही उभा ठेवण्यासाठी बनवलेला नसतो आणि चार काळ्या पट्ट्या सतत डोळ्यांसमोर राहतात.

टीव्हीची जमेची बाजू स्पष्टतेत आहे. फोरके टीव्हीच्या रुंदीतले ३८४० पिक्सेल ६० अंशांत विभागले, की एका अंशात ६४ पिक्सेल येतात, आणि माणसाची निरोगी नजर साधारण ६० पर्यंतच भेद करू शकते. प्रोजेक्टर १०८०पी (रुंदीत १९२० पिक्सेल) असेल तर वर सांगितलेल्या ८२ अंशांत एका अंशाला २३ पिक्सेलच मिळतात. फरक कोठे जाणवतो? दूरची धावपट्टी शोधताना, दुसरे विमान ठिपक्याएवढे असताना आणि पापीचे, म्हणजे उतरण्याची उंची बरोबर आहे का हे दाखवणारे धावपट्टीशेजारचे, दिवे वाचताना. चार दिव्यांपैकी किती लाल आणि किती पांढरे हे माझ्या पडद्यावर खऱ्याइतक्याच अंतरावरून कळते. अर्थात तीन फोरके टीव्हींवर एकूण अडीच कोटी पिक्सेल रंगवावे लागतात, १०८०पीच्या चौपट, आणि तो भार पेलणारे कार्ड बजेट खाऊन टाकते. त्यामुळे मी टीव्ही फोरके असूनही कमी रिझोल्यूशनवर चालवतो आणि तरीही चित्र समाधानकारक दिसते.

टीव्ही घेतल्यास तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात. गेम मोड असावा, नाहीतर योक हलवल्यानंतर क्षितिज उशिरा हलते आणि हात नकळत जास्त जोर लावू लागतो. कडेची पट्टी शक्य तितकी अरुंद असावी. आणि पॅनेल तिरके पाहिल्यावर रंग विटणारे नसावे, कारण शेजारच्या आसनावरच्या माणसाला तीनपैकी किमान एक टीव्ही तिरकाच दिसतो.

आपल्या १३५ अंशांच्या अडचणीवर माझ्याकडे सरळ उपाय आहे. तीनही टीव्हींची रचना ४५ अंश डावीकडे फिरवावी. म्हणजे डावीकडे १३५ आणि उजवीकडे ४५ अंश होतात. मात्र तसे केल्यावर दोन टीव्हींमधला सांधा १५ अंशांवर, समोरच्या काचेतच येतो, आणि वर पहिल्या उत्तरात म्हटले आहे तसे ते खटकणारच. चौथा टीव्ही डावीकडे जोडणे हा त्याहून चांगला मार्ग, जागा व खर्च परवडत असेल तर.

दिवसा खिडकी उघडी ठेवून सराव करता येतो, बल्ब बदलावा लागत नाही, काहीही जुळवत बसावे लागत नाही, आणि सिम्युलेटर नको झाले तर टीव्ही घरात वापरता येतात. हे मला फार मोलाचे वाटते.

पवनमापक

मी विमान कंपन्यांच्या वैमानिकांना शिकवणाऱ्या सिम्युलेटरच्या देखभालीत काम केले आहे, म्हणून दोन आसनांच्या प्रश्नाबद्दल लिहितो.

साधा पडदा, मग तो सपाट असो वा वक्र, एकाच डोळ्याच्या बिंदूसाठी बरोबर असतो. दीड मीटरवरच्या पडद्यावर डाव्या आसनासाठी सरळ समोर दाखवलेली धावपट्टी अर्धा मीटर उजवीकडे बसलेल्या माणसाला तब्बल १८ अंश डावीकडे दिसते. आपण निरीक्षक म्हणून बसणार असाल तर काही बिघडत नाही, पण उजव्या आसनावरून विमान उतरवायचा प्रयत्न केला तर प्रत्येक वेळी विमान तिरके येत असल्याचा भास होईल. दोघांसाठी मधला बिंदू धरणे हा मार्ग काही जण सुचवतात. तो स्वीकारू नये, कारण मग दोघांनाही चुकीचे दिसते. सराव ज्याला करायचा आहे त्याचेच डोळे प्रमाण मानावेत.

व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये यावर समांतर किरणांचा उपाय वापरतात. प्रोजेक्टर चित्र कॉकपिटच्या वर असलेल्या एका छोट्या वक्र पडद्यावर मागून टाकतात आणि वैमानिक ते चित्र समोरच्या प्रचंड अंतर्वक्र आरशात पाहतो. आरसा काचेचा नसतो, मायलरच्या पातळ फिल्मचा असतो. तिच्यामागची हवा खेचून ती गोलाकार ताणून धरलेली असते. आरशातून येणारे किरण जवळजवळ समांतर असल्याने दृश्य फार दूर असल्यासारखे दिसते आणि दोन्ही वैमानिकांना धावपट्टी एकाच दिशेला दिसते. रेडिफ्यूजन या ब्रिटिश कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत रूढ केली आणि आजही मोठ्या सिम्युलेटरचा तोच पाया आहे. परदेशातील काही हौशी मंडळींनी घरी असा आरसा बनवून दाखवला आहे, परंतु साडेनऊ फुटांच्या छताखाली आणि ११ फुटांच्या रुंदीत तो मी कोणालाही सुचवणार नाही. एका वैमानिकाच्या सेस्नासाठी त्याची गरजही नाही.

मात्र त्या क्षेत्रातील दोन आकडे आपल्याला दिलासा देणारे आहेत. सर्वोच्च म्हणजे लेव्हल डी दर्जाच्या सिम्युलेटरला किमान १८० अंश आडवे आणि ४० अंश उभे दृश्य लागते. आपला नियोजित पडदा या मापात बसतो. दुसरा आकडा उजेडाचा. तेथे पांढऱ्या भागाची किमान दीप्ती प्रति चौरस मीटर २० कँडेला एवढीच मागितली जाते. आपल्या पडद्याचे क्षेत्रफळ सुमारे सहा चौरस मीटर आहे. तीन हजार ल्युमेनचे (ल्युमेन हे एकूण उजेडाचे माप) तीन प्रोजेक्टर घेतले आणि सरमिसळ व काळे केलेले भाग यांत निम्मा उजेड वाया गेला असे धरले, तरी पांढऱ्या पडद्यावर २४० कँडेलाच्या आसपास दीप्ती मिळते. म्हणून जाहिरातीतील मोठ्या ल्युमेनसाठी एक रुपयाही जास्त देऊ नये.

उलट जास्त उजेड वक्र पडद्याला घातक असतो. अंतर्वक्र पडद्याच्या एका बाजूवरचा उजेड उसळून समोरच्या बाजूवर पडतो. डावीकडे उजळ आकाश असेल तर उजवीकडची गडद जंगले फिकट पडतात आणि सगळे चित्र धुक्यातून पाहिल्यासारखे होते. याला उपाय म्हणजे पडदा पांढरा न करता मध्यम राखाडी करणे. राखाडी पृष्ठभाग समोरून आलेल्या चित्राचा उजेड एकदा खातो, पण दुसऱ्या बाजूवरून उसळून आलेला उजेड दोनदा खातो, त्यामुळे दीप्ती कमी झाली तरी काळ्या-पांढऱ्यातील अंतर वाढते. वरील २४० मधून ४० टक्के गेले तरी १४४ उरतात, ते भरपूर आहेत. पडद्याच्या वरचे छत आणि मागच्या भिंतीही गडद रंगवाव्यात. आसनाभोवतीची फरशी पांढरी असेल तर काळी सतरंजी अंथरावी.

रात्रीच्या उड्डाणाबद्दल आधीच कल्पना देऊन ठेवतो. प्रोजेक्टर काळा रंग दाखवताना थोडा उजेड सोडतोच, आणि सरमिसळीच्या पट्ट्यात दोन प्रोजेक्टरचा असा उजेड एकावर एक पडतो. दिवसाच्या दृश्यात हे लपते, रात्री मात्र दोन उभे राखाडी पट्टे दिसतात. उरलेल्या भागाचा काळा रंग सॉफ्टवेअरने किंचित उजळून ते बुजवता येतात, पण मग रात्र तितकी काळी राहत नाही. विद्यार्थिदशेत दिवसाचीच सर्किट महत्त्वाची असल्याने मी हे चालवून घेईन. ओझरकरांचे टीव्ही या एका बाबतीत निर्विवाद सरस आहेत.

मुठाकाठ

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. डावीकडे १३५ अंशांचा मुद्दा मुलीला फोनवर सांगितला तेव्हा ती लगेच म्हणाली की तिला नेमके तेच हवे आहे. ओझरकरांचे म्हणणे पटले तरी १५ अंशांवरचा सांधा आणि ३५ अंशांची उंची यांमुळे आम्ही वक्र पडद्याकडे झुकलो आहोत. शेजारच्या आसनावर मी फक्त पाहायला बसेन.

आता पडद्याच्या बांधणीबद्दल विचारतो. आमच्या सुताराने सनमाइकाऐवजी सनबोर्ड (हलका फोमचा पत्रा) सुचवला आहे, आणि एका परिचितांनी ब्लॅकआउटचे कापड ताणून बसवा असे सांगितले. दोन्ही हलके आहेत हे खरे. पावसाळ्यात प्लाय फुगण्याचीही काळजी वाटते. शिवाय मुलीला कॉकपिटचे छत आणि दरवाजे खऱ्यासारखे हवे आहेत. छत केले तर प्रोजेक्टरचा झोत अडेल का? आणि सॉफ्टवेअरची जुळवणी नवख्या माणसाला जमण्यासारखी आहे का, हेही कृपया सांगावे.

वर्तुळ

कापड आडवे ताणले की दोन उभ्या आधारांच्या मध्ये ते सरळ होते आणि वर्तुळाऐवजी बहुकोन तयार होतो. वर-खाली ताणले तर गोलाई टिकते, पण काही महिन्यांत ते सैल पडते आणि पंखा लावला की क्षितिज हलू लागते. सनबोर्डला बोटाचाही खड्डा पडतो आणि तिरक्या झोतात तो खड्डा डाग होऊन दिसतो. एक मिलिमीटरचा सनमाइका दीड मीटरच्या गोलाईला सहज वाकतो, टणक असतो आणि स्वतः गोलाई धरून ठेवतो, म्हणून मी त्यालाच चिकटून आहे.

सांगाड्यासाठी फॅब्रिकेटरकडून एक इंची चौकोनी एमएस (साध्या लोखंडी) पाइपच्या तीन कमानी रोलरवर वाकवून घ्याव्यात, एक वरच्या कडेला, एक मधोमध आणि एक खाली. त्या उभ्या पाइपांनी जोडाव्यात. लोखंड असल्याने पावसाळ्याचा प्रश्न मिटतो, फक्त रेड ऑक्साइड मारून घ्यावे. लाकडाचाच सांगाडा करायचा असेल तर १९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी (पाण्याने न बिघडणारा) प्लाय घ्यावा, एमडीएफ मुळीच नको. कमानी उभ्या झाल्या की डोळ्याच्या बिंदूच्या बरोबर खाली जमिनीत खिळा ठोकून दीड मीटरची लाकडी पट्टी त्याभोवती फिरवावी. पट्टीचे टोक आणि कमान यांतील फट सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. पाच-सात मिलिमीटरचा हळूहळू वाढत जाणारा फरक सॉफ्टवेअर सांभाळून घेते, पण अचानक आलेला उंचवटा कशानेही लपत नाही. क्षितिजाची रेषा त्यावरून सरकताना तो दर वेळी उघडा पडतो.

सनमाइका लावताना चकचकीत किंवा नक्षीची बाजू मागे ठेवून खरखरीत उलटी बाजू आपल्याकडे करावी. तीवर प्राइमर चांगला बसतो. ४२ अंशांच्या सांध्यामागे प्लायची चार इंची उभी पट्टी देऊन दोन्ही पत्रे तिच्यावर चिकटवावेत, फटीत लांबी भरावी आणि वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावी. हात फिरवून सांधा लागत नाही असे वाटले तरी थांबू नये. खोलीत अंधार करून टॉर्च पडद्याला लागून आडवी धरावी, राहिलेला उंचवटा सावली टाकतो. त्यानंतर मध्यम राखाडी मॅट इमल्शनचे दोन हात रोलरने द्यावेत. चमक असलेला कोणताही रंग घेऊ नये, त्यात प्रोजेक्टरची भिंगे उजळ डागासारखी दिसतात.

छताचा प्रश्न आपण वेळेवर विचारला. प्रोजेक्टरचे भिंग जमिनीपासून दोन मीटरच्या थोडे वर येईल. डावीकडच्या प्रोजेक्टरचा सर्वात खालचा किरण पडद्याच्या तळाकडे उतरताना कॉकपिटच्या कडेवरून सुमारे १.४३ मीटर उंचीवरून जातो, आणि सेस्नाच्या केबिनचे छतही साधारण तेवढ्याच उंचीवर येईल. म्हणजे हे बोटभर फरकाचे काम आहे. प्रोजेक्टर टांगण्याआधी त्याच्या भिंगाच्या जागेपासून पडद्याच्या खालच्या कडेपर्यंत दोरी ताणावी आणि ती कडेकडेने फिरवत पाहावी. दोरी छताला टेकली तर छताच्या फक्त कडा आणि खांब करावेत, मधला भाग उघडा ठेवावा. बसलेल्या माणसाला कड दिसली की छत असल्याचा पुरेसा भास होतो. दरवाजाची खिडकी मात्र पूर्ण उघडीच ठेवावी लागेल.

सॉफ्टवेअरचे काम नवख्या माणसाला जमते, घाई केली नाही तर. एक्स-प्लेनमध्ये प्रत्येक पडद्याला स्वतःचा दृश्यकोन आणि बाजूला वळवण्याचा कोन देता येतो, तेव्हा तीन स्वतंत्र दृश्ये बनवावीत. तिन्ही पडदे एकत्र जोडून एकच रुंद दृश्य काढण्याचा मोह टाळावा, कारण सपाट प्रक्षेपणात ते मधे विरळ आणि कडेला अतिशय दाट होते. १४० अंशांच्या एकाच दृश्यात कडेचा एक अंश मधल्या अंशापेक्षा साडेआठ पट पिक्सेल खातो, आणि १८६ अंशांचे सपाट दृश्य तर गणितातच शक्य नाही. तीन दृश्यांत हा फरक किरकोळ उरतो. त्यानंतर पडद्याच्या गोलाईनुसार चित्र वाकवणे आणि कडा एकमेकींत विरघळवणे यासाठी इमर्सिव्ह डिस्प्ले प्रो हे सॉफ्टवेअर प्रचलित आहे, त्यात दोन्ही कामे होतात.

जुळवणीपूर्वी डोळ्याच्या बिंदूवर लेझर लेव्हल ठेवून पडद्यावर दर दहा अंशांनी उभ्या आणि डोळ्यांच्या पातळीवर एक आडवी अशा पेन्सिलच्या बारीक खुणा कराव्यात. सॉफ्टवेअरची जाळी या खुणांवर बसवली की काम संपले.

पवनमापक

यात थोडी भर घालतो. प्रोजेक्टर पडद्याच्या सांगाड्याला न टांगता थेट स्लॅबला अँकर बोल्टने बांधावेत. मुलगी रडर पेडलवर जोर देईल तेव्हा सांगाडा थरथरतो, आणि प्रोजेक्टर त्यावर असतील तर तीन चित्रे तीन प्रकारे हलतील. जुळवणी सुरू करण्यापूर्वी प्रोजेक्टर अर्धा तास चालू ठेवावेत, कारण तापल्यावर भिंग आणि चित्र किंचित सरकतात आणि थंड अवस्थेत केलेली जुळवणी तासाभरात बिघडते.

तिन्ही प्रोजेक्टर एकाच मॉडेलचे आणि एकाच वेळी घेतलेले असावेत. उजेड आपोआप कमी-जास्त करणारे सर्व पर्याय बंद करावेत. शक्य असल्यास लेझरचे घ्यावेत, कारण दिव्याचे प्रोजेक्टर वेगवेगळ्या गतीने मंदावतात आणि वर्षभरात मधला पिवळट व कडेचे निळसर दिसू लागतात. दिव्याचेच घेतले तर तिन्ही दिवे एकत्र बदलावेत.

तीन प्रोजेक्टर आणि संगणक मिळून दीड किलोवॅटपर्यंत वीज ओढू शकतात, तेव्हा सहा अँपिअरच्या एका सॉकेटवर एक्स्टेन्शन बोर्ड लावून भागवू नये. वायरमनकडून १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट घ्यावा आणि संगणकाला यूपीएस द्यावा. तेवढीच उष्णता बंद खोलीत साठते, म्हणून पडदा उभारण्याआधीच एक्झॉस्ट पंख्यासाठी खिडकीच्या वरच्या तावदानात जागा काढून ठेवावी. पडदा बसल्यावर त्या खिडकीपर्यंत हात पोहोचणार नाही.